गोळे पडतात तिथली फुलपाखरं

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातला फोर्ट ब्रॅग हा लष्करी तळ म्हणजे पॅराट्रूपर्सचं माहेरघर. 82वी एअरबोर्न डिव्हिजन इथली. विमानातून उड्या मारायच्या सरावासाठी इथे वाळूचे मोठाले माळ मोकळे राखलेले आहेत. त्यांची नावं सिसिली, नॉर्मंडी, हॉलंड अशी. दुसऱ्या महायुद्धात या डिव्हिजननं जिथे जिथे उड्या घेतल्या, त्या जागांवरून ती पडली. माळावर उतरून, छत्री गुंडाळून जवान पाइनच्या रानात शिरला की काही झाडांच्या बुंध्यांवर त्याला पांढऱ्या रंगाचे पट्टे दिसतात. पट्ट्याच्या झाडापासून 200 फुटांच्या आत खंदक खणायचा नाही, मुक्काम ठोकायचा नाही, रस्ता सोडून गाडी घालायची नाही. पायी ओलांडून जायला हरकत नाही. शत्रूच्या मुलखात घुसायचं शिक्षण घेणाऱ्या माणसाला त्याच्याच तळावर अशी लक्ष्मणरेषा आखून दिली आहे, आणि ती आखली आहे जेमतेम वीस-बावीस सेंटीमीटरच्या एका सुतारपक्ष्यासाठी.

ही रेषा आखणारी माणसं गणवेशातली नसतात. अमेरिकी लष्कराच्या तळांवर नागरी जीवशास्त्रज्ञ नोकरीला असतात, वनपाल असतात, आग लावणारी आणि आटोक्यात ठेवणारी पथकं असतात. 1960 च्या साइक्स कायद्यानं लष्करी जमिनीवरच्या वन्यजीवांची देखभाल सरकारी कामात आली. 1997 च्या दुरुस्तीनंतर ज्या तळावर राखण्याजोगा निसर्ग आहे, त्यानं त्याचा लेखी आराखडा करणं बंधनकारक झालं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे सुमारे अडीच कोटी एकर जमीन आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. राष्ट्रीय उद्यानं, सरकारी जंगलं, अभयारण्यं अशा सगळ्या सरकारी जमिनी शेजारी शेजारी ठेवल्या आणि विचारलं की धोक्यात आलेल्या जातींची दाटी एकरामागे सगळ्यात जास्त कुठे, तर उत्तर येतं लष्कराकडे.

पहिल्यांदा ऐकलं की ही थट्टा वाटते. मग वाटतं, त्यात काय नवल? कुंपण आहे, पहारा आहे, आत कोणी बंगले बांधत नाही, मॉल उभारत नाही, नांगर घालत नाही. हे खरंच आहे, पण हे अर्धंच उत्तर झालं, आणि त्यातला कमी मजेचा अर्धा भाग. कारण तळाच्या आतही सगळीकडे सारखी जीवसृष्टी नाही. काही दुर्मीळ जाती नेमक्या जिथे तोफांचे गोळे पडतात, तिथेच जास्त सुखात आहेत.

हे कोडं सोडवायचं तर आधी झाड पाहावं लागतं. अमेरिकेच्या आग्नेय भागात एके काळी लाँगलीफ पाइनचं रान सुमारे नऊ कोटी एकरांवर पसरलेलं होतं. आज त्यातलं थोडकंच उरलंय. लाकडासाठी तोड झाली, राळेसाठी झाडं खरवडली गेली, शेती झाली. पण या रानाचा आणखी एक शत्रू होता आणि तो फार भला माणूस होता: आग विझवणारा.

लाँगलीफ पाइनचं रोप उगवतं तेव्हा ते झाड वाटतच नाही. पहिली काही वर्षं ते जमिनीलगत लांब हिरव्या सुयांचा झुपका होऊन बसतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते गवतच वाटेल. या काळात त्याचा सगळा उद्योग जमिनीखाली चाललेला असतो, सोटमूळ खोल खोल जात असतं. वरून वणवा गेला तर बाहेरच्या सुया जळतात, पण मधला कोंब सुयांच्या गचपणात सुखरूप राहतो. मुळात पुरेसा साठा झाला की रोप एकदम उसळी घेतं आणि एक-दोन वर्षांत आपला शेंडा ज्वाळांच्या वर काढतं. खाली वायरग्रास नावाचं तारेसारखं बारीक गवत असतं. ते वसंत-उन्हाळ्यात जळल्याशिवाय धड फुलतही नाही. वीज पडून लागलेले वणवे आणि तिथल्या मूळ रहिवाशांनी लावलेल्या आगी यांच्यावर हे रान हजारो वर्षं पोसलं गेलं. दर दोन-चार वर्षांनी एक आग. ती थांबली की ओकसारखी रुंद पानांची झाडं खालून गर्दी करतात, जमिनीवर सावली धरते, गवत मरतं आणि पाइनच्या पोरांना ऊन मिळत नाही.

विसाव्या शतकात अमेरिकेनं आग थांबवली. 1944 पासून टोपी घातलेलं स्मोकी अस्वल पोस्टरवरून घराघरात सांगू लागलं की वणवा रोखणं तुमच्या हातात आहे. लोकांनी मनावर घेतलं. सगळीकडची आग विझत गेली, पण एका ठिकाणी ती विझवायची कोणाची छाती नव्हती. तोफांच्या सरावात जिथे गोळे पडतात, तिथे न फुटलेले गोळेही मातीत रुतून असतात. तिथे बंब घेऊन जाणार कोण? गोळ्यांच्या ठिणग्यांनी गवत पेटे आणि पेटलेलं आपलं आपण विझे. अशा रीतीनं, कोणाच्या मनातही नसताना, तोफखान्यानं विजेची नोकरी सांभाळली. बाकीच्या राज्यात जे रान झुडपांखाली गुदमरत होतं, ते गोळीबाराच्या पट्ट्यात मोकळं, उन्हाचं, गवताळ राहिलं. चाफसीड नावाची एक दुर्मीळ वनस्पती आहे. नॉर्थ कॅरोलिनातली तिची जवळपास सगळी रोपं या एका तळावर आहेत.

आता तो पट्ट्याच्या झाडातला सुतारपक्षी. इंग्रजीत त्याला रेड-कॉकेडेड म्हणतात. नराच्या डोक्याच्या बाजूला तांबडी रेघ असते खरी, पण ती इतकी बारीक की दुर्बिणीतूनही पटकन सापडत नाही. बहुतेक सुतारपक्षी वाळलेल्या, भुसभुशीत झाडात ढोली कोरतात. हा गडी जिवंत पाइनच निवडतो, तोही ऐंशी-शंभर वर्षांचा. कोवळ्या झाडाचा गाभा घट्ट असतो. म्हाताऱ्या पाइनच्या गाभ्यात एक बुरशी शिरते आणि आतलं लाकूड मऊ करते. बाहेरचं लाकूड मात्र जिवंत, टणक आणि राळेनं भरलेलं. ते फोडत, राळ वाळायची वाट पाहत, पुन्हा फोडत आत पोहोचायला पक्ष्याला वर्ष लागतं, कधी तीन, कधी सहा. आयुष्य तरी केवढं? एखादी ढोली बापानं सुरू करावी आणि मुलानं पुरी करावी असंही होतं.

ढोली झाली तरी काम संपत नाही. पक्षी रोज ढोलीच्या भोवती सालीत लहान लहान भोकं पाडतो आणि ती वाहती ठेवतो. त्यांतून राळ पाझरून बुंध्यावर ओघळते, आणि ढोलीचं झाड लांबून मेण वितळलेल्या मेणबत्तीसारखं पांढुरकं दिसू लागतं. ही सजावट नाही. तिथे आपल्या धामणीच्या गोत्यातले, झाडावर सरसर चढणारे साप आहेत. चढताना साप सालीच्या खाचांत पोटाच्या खवल्यांनी पकड घेतो. त्या खवल्यांना ताजी राळ लागली की पकड सुटते आणि चिकटलेली राळ त्याला सोसवत नाही. वाळलेल्या झाडाला राळ येत नाही. म्हणून एवढी वर्षं घालवून जिवंत झाडच कोरायचं.

घरात माणसं बरीच असतात. एक जोडपं आणि त्यांच्याजवळ राहिलेली एक-दोन तरणी पोरं, बहुधा मुलगेच. ती आपला संसार थाटत नाहीत, आई-बापांच्या पुढच्या विणीला भरवायला मदत करतात. इतक्या कष्टाच्या ढोल्या आयत्या मिळत असतील तर घर कोण सोडेल? प्रत्येकाला झोपायला स्वतंत्र ढोली लागते. अंडी मात्र बापाच्या ढोलीत घातली जातात आणि रात्री ती तोच उबवतो.

जीवशास्त्रज्ञाला हे सगळं कळलं ते पहाटे उजाडायच्या आधी झाडाखाली उभं राहून. कोण कोणत्या ढोलीतून बाहेर पडतो, पायात कोणत्या रंगाची कडी आहेत, हे टिपायला तेवढीच काही मिनिटं मिळतात. एकदा पक्षी उडाले की दिवसभर रानात पांगतात. विणीच्या हंगामात उंच काठीच्या टोकाला बसवलेला बारीक कॅमेरा ढोलीत घालून आत अंडी किती, पिल्लं किती ते पाहतात. पिल्लं आठवड्याभराची झाली की जोडशिडीचे तुकडे बुंध्याला बांधत बांधत वर चढतात. ढोलीचं तोंड एवढं अरुंद की हात जात नाही. मग मऊ फासानं एकेक पिल्लू अलगद बाहेर ओढायचं. डोळे मिटलेलं, अंगावर पीस नसलेलं, मुठीत मावणारं ते पिल्लू पिशवीतून खाली येतं, वजन होतं, पायात एक नंबराचं आणि बाकीची रंगीत कडी चढतात आणि ते परत घरात जातं. अशा हजारो पिल्लांच्या नोंदींवर या पक्ष्याचं सगळं शास्त्र उभं आहे.

कामाची खरी गंमत मात्र तिथे पोहोचण्यात आहे. साध्या जंगलात पाऊस आणि वनखात्याची परवानगी बघितली की झालं. इथे आधी बघायचं ते गोळीबाराचं वेळापत्रक. रानात शिरण्यापूर्वी रेंज कंट्रोलला कळवायचं की आम्ही इतके जण, अमुक भागात, तमुक वाजेपर्यंत. बाहेर पडल्यावर पुन्हा कळवायचं. पायाखाली धातूचं काहीही दिसलं तरी वाकायचं नाही, उचलायचं नाही, लाथ मारायची नाही. जिथे गोळे पडतात त्या भागात तर गोळीबार बंद असेल त्या मोजक्या दिवशीच, बॉम्ब ओळखणाऱ्या जवानाला पुढे घालून जायचं. शास्त्रज्ञाला जी तारीख हवी, नेमकी तीच तोफखान्यालाही हवी असते, आणि कोणाचं चालणार हे सांगायला नको.

आवाजाचं काय, असं कोणीही विचारील. पक्षी घाबरत नाहीत? जॉर्जियातल्या फोर्ट स्टुअर्टवर याच सुतारपक्ष्यावर मुद्दाम अभ्यास झाला. घरट्याच्या वेगवेगळ्या अंतरांवरून रायफलीच्या फैरी आणि तोफेसारखे धमाके करून पाहिले. अगदी जवळ आवाज झाला तर पक्षी उडायचा, पण काही मिनिटांत परत अंड्यांवर येऊन बसायचा. पिल्लांच्या संख्येत फरक पडला नाही. त्याला पिढ्यान्‌पिढ्या गडगडाटाची सवय आहे. झुडपांनी झाकलेल्या रानाची नाही.

लष्कर आणि पक्षी यांचं नेहमीच गोडीनं चाललं असं मुळीच नाही. हा पक्षी 1970 मध्येच धोक्यातल्या जातींच्या यादीत गेला होता. 1990 मध्ये वन्यजीव खात्यानं फोर्ट ब्रॅगला लेखी बजावलं की इथल्या सरावामुळे या जातीचं अस्तित्वच धोक्यात येतंय. मग ते पांढरे पट्टे आणि कडक निर्बंध आले. अर्ध्या रानात धड खंदक खणता येईना म्हणून अधिकारी वैतागले. पक्ष्यावरून लष्करी छावण्यांत कडवट विनोद फिरू लागले. मला वाटतं, इथे शास्त्रज्ञांनी नुसता कायदा पुढे केला असता तर पक्षी कधीच वाढला नसता. त्यांनी लष्कराला उमगेल असा सौदा मांडला: पक्षी वाढले तर निर्बंध सैल होतील.

पक्षी वाढवायचे तर ढोल्या हव्यात, आणि ढोलीसाठी शंभर वर्षं थांबायला वेळ नव्हता. मार्ग एका संकटातून निघाला. सप्टेंबर 1989 मध्ये ह्यूगो वादळानं साउथ कॅरोलिनातल्या फ्रान्सिस मॅरियन जंगलावरून एका रात्रीत वाट काढली. ढोल्यांची 87 टक्के झाडं मोडली आणि 63 टक्के सुतारपक्षी गेले. उरलेल्यांना घर द्यायला शास्त्रज्ञांनी करवतीनं जिवंत पाइनमध्ये चौकोनी खाच पाडली, त्यात आयती ढोली कोरलेला लाकडी ठोकळा बसवला आणि फटी बुजवल्या. पक्षी राहायला आले. सहा वर्षांचं काम तासाभरात. ही युक्ती मग सगळ्या आग्नेय अमेरिकेत पोहोचली. ढोलीचं तोंड मोठ्या सुतारपक्ष्यांनी रुंद करू नये म्हणून भोवती धातूची पट्टी ठोकायलाही लोक शिकले.

दुसरं काम जाळण्याचं. फोर्ट ब्रॅगचं रान आज तुकड्या-तुकड्यांनी साधारण तीन वर्षांतून एकदा मुद्दाम जाळलं जातं. जाळरेषा काढायच्या, वारा बघायचा आणि ड्रिप टॉर्चमधून पेटतं तेल ठिपकत पुढे चालायचं. तिसरं काम कुंपणाबाहेरचं. तळाभोवती घरं वाढत होती आणि पक्ष्यांच्या वस्त्या एकमेकींपासून तुटत होत्या. 1995 पासून लष्करानं एका निसर्गसंस्थेच्या जोडीनं शेजारची पाइनची रानं विकत घेऊन किंवा करारानं राखायला सुरुवात केली. पक्ष्याला रान मिळालं आणि लष्कराला रात्रीच्या गोळीबाराबद्दल तक्रार न करणारा शेजारी. 2006 मध्ये इथल्या पक्ष्यांनी 350 कुटुंबांचं ठरलेलं उद्दिष्ट पाच वर्षं आधीच गाठलं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी देशभरात या पक्ष्याच्या दीड हजाराहूनही कमी वस्त्या उरल्या होत्या. आता त्या 7,800 च्या आसपास आहेत, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये त्याला ‘अतिधोक्यातून’ एक पायरी खाली आणलं गेलं. मधल्या काळात तळाचं नाव 2023 मध्ये फोर्ट लिबर्टी झालं आणि 2025 मध्ये पुन्हा फोर्ट ब्रॅग. सुतारपक्ष्यांनी पत्ता बदलला नाही.

सुतारपक्ष्याची गोष्ट कष्टाची आहे. खरी चक्रावून टाकणारी गोष्ट याच तळावरच्या एका मातकट फुलपाखराची.

सेंट फ्रान्सिस सॅटर हे त्याचं नाव. पंख पसरले तरी चार सेंटीमीटरच्या आसपास. वरून तपकिरी, मिटलेल्या पंखांवर पिवळ्या कड्यांत बसवलेल्या गडद डोळ्यांची रांग. 1983 मध्ये ते पहिल्यांदा सापडलं. संग्राहक तुटून पडले, आणि काही वर्षांत ते नामशेष झालं अशी समजूत झाली. 1992 मध्ये ते पुन्हा दिसलं, 1994 मध्ये तातडीनं संरक्षित यादीत गेलं. साऱ्या जगात ते फक्त फोर्ट ब्रॅगवर सापडतं. ओढ्याकाठच्या दलदलीत लव्हाळा वाढतो, त्यावर त्याच्या अळ्या पोसतात. वर्षातून दोनदाच ते पंखांवर असतं, उन्हाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी. एकेक फुलपाखरू जगतं तीन-चार दिवस.

निक हॅडड हे जीवशास्त्रज्ञ वीसेक वर्षं या फुलपाखराच्या मागे आहेत. सुरुवातीला त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच केलं जे कोणीही शहाणा माणूस करील: उरलेल्या जागा जपल्या. पाय पडू नये म्हणून चिखलावर फळ्या टाकल्या, त्यावरून चालत मोजणी केली, बाहेरचा उपद्रव होऊ दिला नाही. आकडा वर्षागणिक खाली येत गेला. ज्या कुरणांत शेकड्यांनी फुलपाखरं असायची, ती एकेक करून रिकामी झाली. आणि मग तोफांच्या माऱ्याच्या पट्ट्यात जायची परवानगी मिळाली, तेव्हा तिथे, जिथे कोणी काही जपलं नव्हतं, ती मजेत भिरभिरत होती.

हॅडड यांनी ‘द लास्ट बटरफ्लाइज’ या आपल्या 2019 च्या पुस्तकात ही उकल सांगितली आहे. लव्हाळ्याचं कुरण हा काही कायमचा मुक्काम नसतो. बीव्हर ओढ्यावर फांद्यांचा बांध घालतो, पाणी तुंबतं, झाडं मरतात. काही वर्षांनी बीव्हर निघून जातो, बांध फुटतो, आणि उघड्या ओल्या जमिनीवर लव्हाळा माजतो. तेच फुलपाखराचं घर. पण दहा-पंधरा वर्षांत पुन्हा झुडपं येतात, झाडं येतात, सावली पडते आणि लव्हाळा संपतो. मग दुसऱ्या ओढ्यावर नवा बांध हवा, किंवा आग हवी. नॉर्थ कॅरोलिनातले बीव्हर कातड्यासाठी मारून मारून 1900 च्या सुमारास संपवले होते. 1939 मध्ये ते बाहेरून आणून सोडले. त्या मधल्या काळात हे फुलपाखरू तगलं कसं, याचं उत्तर बहुधा गोळ्यांनी पेटणाऱ्या आगीत आहे.

आता यातली बोचरी बाजू. आग लागली की तिच्या वाटेतली अंडी, अळ्या, कोष सगळं भस्म होतं. बांध फुगला की अळ्या बुडतात. जी गोष्ट या जातीला जगवते, तीच तिच्यातल्या पुष्कळांना मारते. सगळी कुरणं एकदम जळली तर जात संपली. एकही जळलं नाही तरी जात संपलीच, फक्त हळूहळू. जगायचं तर एक तुकडा जळताना शेजारच्या तुकड्यात फुलपाखरं हवीत, म्हणजे राख थंड होऊन लव्हाळा वर आला की ती तिकडे सरकतील. दुर्मीळ जिवाला वाचवायला आलेल्या माणसानं त्याच जिवाच्या अळ्या असलेल्या जागेवर करवत, पाणी आणि आग घेऊन जायचं, यासाठी फार वेगळ्या प्रकारचं धाडस लागतं. त्यांनी ते केलं. ओढ्याकाठची झाडं पाडली, बीव्हरसारखे तात्पुरते बांध घातले, प्रयोगशाळेत वाढवलेली फुलपाखरं सोडली, आणि ओसाड पडलेल्या कुरणांत ती पुन्हा वाढली.

एकदा हे लक्षात आलं की लष्करी जमिनीकडे बघायची दृष्टी बदलते. शास्त्रज्ञ प्रत्येक ओरखड्यापुढे उभा राहून विचारतो: हे काम पूर्वी कोण करायचं?

इंग्लंडमधल्या सॉल्झबरी प्लेनचं उदाहरण घ्या. 1897 पासून लष्करानं घेतलेला हा खडूच्या जमिनीचा माळ आता सुमारे 38,000 हेक्टरांचा आहे. रणगाडा वळला की चेनखाली जमीन फाटते, खड्डा पडतो, पावसात भरतो. त्या गढूळ डबक्यात फेअरी श्रिंप नावाचा काचेसारखा पारदर्शक, पाठीवर पोहणारा इवला जीव असतो. त्याला मासे नकोत, म्हणून डबकं अधूनमधून पुरतं आटायलाच हवं. त्याची अंडी वाळक्या चिखलात वर्षानुवर्षं दम धरून राहतात. पुढचा रणगाडा आला की चिखल चेनला चिकटतो आणि अंडी दुसऱ्या खड्ड्यात जाऊन पडतात. पूर्वी हे काम गुरांचे खूर आणि गाड्यांची चाकं करायची. रस्ते पक्के झाले, गुरं बांधली गेली आणि बाकीच्या देशातून हा जीव झपाट्यानं कमी झाला. आपल्याकडे सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्यात साचणाऱ्या डबक्यांत याचे भाऊबंद आहेत. त्यांतल्या एका जातीचं शास्त्रीय नावच सह्याद्रीवरून पडलंय. जर्मनीतल्या सराव मैदानांवरही पिवळ्या पोटाचे बेडूक याच चेनच्या खड्ड्यांत अंडी घालतात.

पण याच सॉल्झबरी प्लेनवर इम्बर नावाचं गाव होतं. डिसेंबर 1943 मध्ये सरावासाठी ते रिकामं करवलं आणि गावकऱ्यांना पुन्हा कधी राहायला जाता आलं नाही. नगर जिल्ह्यात के. के. रेंज या लष्करी सराव मैदानाच्या भोवतालच्या गावांना जमीन जाण्याची धास्ती काय असते ते विचारावं. रानाची कमाई सांगताना ही किंमत गिळून टाकणारे लेख मला आवडत नाहीत.

आणि दारूगोळा म्हणजे काही नुसती ठिणगी नव्हे. अलास्कात अँकरेजजवळ ईगल रिव्हर फ्लॅट्स ही खाऱ्या पाण्याची दलदल 1940 च्या दशकापासून तोफांच्या सरावाची जागा. 1980 च्या दशकात तिथे बदकं मोठ्या संख्येनं मरून पडू लागली. रोग सापडेना, शिसं सापडेना. बदकं डुचमळायची, मान टाकायची आणि आचके देऊन मरायची. 1990 मध्ये कारण सापडलं: धूर करणाऱ्या गोळ्यांतला पांढरा फॉस्फरस. हवेत तो जळून जातो, पण पाण्याखालच्या चिखलात हवेशिवाय दाण्यांसारखा वर्षानुवर्षं पडून राहतो. बदकं चिखल गाळून बिया टिपतात. त्यांनी बी समजून विष टिपलं. गोळीबार थांबवला गेला. उपाय मात्र विलक्षण साधा निघाला. उन्हाळ्यात पंप लावून तळी उपसली, चिखल वाळू दिला, आणि हवा लागताच फॉस्फरस आपोआप नाहीसा होत गेला. इथेही शास्त्रज्ञाचा प्रश्न तोच होता, फक्त उत्तर उलटं आलं. काही ओरखड्यांना निसर्गात पूर्वसुरीच नसतो.

आपल्या देशातलं उदाहरण म्हणजे माळढोक पक्षी. नान्नजच्या अभयारण्यात आता एखादा दिसला तरी त्याची बातमी होते. देशात सगळे मिळून दीडशेच्या आसपास उरलेत, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूला. तिथे त्यांची दोन मुख्य ठिकाणं आहेत: एक डेझर्ट नॅशनल पार्क, आणि दुसरं पोखरणची फायरिंग रेंज. हो, अणुचाचण्यांमुळे आपल्याला माहीत असलेलंच पोखरण. माळढोक उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो. बाहेर नांगर आहे, कूपनलिका आहेत, भटकी कुत्री आहेत, आणि सगळ्यात वाईट म्हणजे विजेच्या तारा. त्याची दृष्टी बाजूंना चांगली, समोरची तोकडी. जड अंगानं उडताना समोरची तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही.

इथे मोडतोडीचा गुण गायचं कारण नाही. माळढोकाला गोळ्यांमुळे लागणारी आग नको आहे. रेंजनं त्याच्यासाठी केलेलं काम वेगळंच आहे: तारा, नांगर आणि पंप बाहेर ठेवण्याचं. म्हणजे फोर्ट ब्रॅगमध्ये उत्तराचा जो अर्धा भाग कमी मजेचा म्हणून मी मागे टाकला, पोखरणात तोच सगळ्यात मोलाचा ठरतो. सम आणि रामदेवरा इथल्या केंद्रांत भारतीय वन्यजीव संस्थेची माणसं माळढोकाची पिल्लं वाढवताहेत, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लूही जन्मलं. ही पिल्लं कधी तरी मोकळी सोडायची आहेत. त्यासाठी सलग, न नांगरलेला, वरून तारा न गेलेला माळ लागेल, आणि थरच्या वाळवंटात तसा माळ शोधायला निघालेल्या माणसाला लष्कराच्या नकाशाकडे बघावंच लागेल.